हल्ली काय सोडलंत?

आत्या गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज गाळत होते. बाबांनी हाक मारली, नेहमीच्याच आवाजात, आणि मी गॅस बंद करून आत गेले. त्याला आता दीड महिना होईल. आत्या डॉक्टर होती. घर नाशिकला, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, दवाखाना सिन्नरला. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथे औषधं द्यायला बसायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यात मी कमी बोलणारी. पेशंट काही विचारू लागले की पडद्यामागे जायचे. आत्याला ते चालायचं. "तू गप्प बसतेस म्हणून तर तुला ठेवलंय. बोलायला मी आहे," ती म्हणायची.

तिथे एक वाक्य सारखं कानावर यायचं, "म्याडम, त्याच गोळ्या द्या." एखादे आजोबा आधी स्वतः जीपने यायचे, मग मुलाला धरून, आणि मग मुलगाच एकटा. अशा वेळी आत्या थोड्याच गोळ्या द्यायची आणि बाकीच्या घरी घेऊन येते म्हणायची.

"तुझे बाबा का नाही आले?"

"वय झालं, म्याडम. बाकी तब्येत बरी हाय. जेवत नाय एवढंच."

"जेवत नाय आणि बरी हाय! डॉक्टर तू का मी?"

रविवारी ती स्कूटर काढायची. मागे मी, मांडीवर घडीचं स्टूल. खाटेवर बसलं तर आजारी माणसाला सरकावं लागतं, उभ्याने बोललं तर तो बिचकतो, म्हणून स्टूल. त्यावर बसून तपासण्याआधी ती विचारायची, "आधी करत होता आणि हल्ली सोडलंत, असं काय काय?" कुणी सांगायचं, गोठ्यापर्यंत जाणं. एका आजींनी बऱ्याच वेळाने सांगितलं, आडवं होऊन झोपणं... त्या रात्रभर भिंतीला टेकून बसायच्या आणि घरच्यांना वाटायचं, जप चाललाय. त्यांना कॅन्सर नव्हता, हृदय थकलं होतं. परतताना आत्या म्हणाली, "पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास हलका करणारे उपचार म्हटलं की लोकांना वाटतं कॅन्सर, नाहीतर डॉक्टरांनी हात टेकले. अगं, आजार बरा होणार नसला तरी धाप, दुखणं, भीती यांच्यावर उपचार असतात. ते चालू उपचारांबरोबरही देता येतात. फक्त गरज कुणाला आहे ते वेळेत ओळखावं लागतं."

मागच्या वर्षी तिचीच फुप्फुसं आक्रसू लागली. दवाखाना बंद केला. दोनदा अतिदक्षता विभागात राहून आली आणि म्हणाली, पुन्हा तिथे नको. सुरुवातीला बाबा तिला तिच्या डॉक्टरांकडे न्यायचे, मग मीही धरायला जाऊ लागले, आणि एकदा फाइल घेऊन मी एकटीच गेले. काउंटरवर काय हवंय विचारलं. "त्याच गोळ्या," मी म्हणाले, आणि तिथेच थांबले. काही दिवसांपासून आत्याची वेणी मी घालत होते. हात वर केले की तिला धाप लागायची. घरात सगळे म्हणत, लाड करून घेतेय.

मी रांग संपेपर्यंत बसून राहिले. आत गेल्यावर म्हणाले, "डॉक्टर, तिने वेणी घालणं सोडलंय." त्यांनी मान वर केली. बाकीचं मी अर्धं इंग्रजीत, पुढचं मागे करत सांगितलं. "तिला पुन्हा अ‍ॅडमिट व्हायचं नाही. तुम्ही घरी येऊन बघाल का?"

ते आले, बरोबर घरी येऊन सेवा देणाऱ्या सिस्टर होत्या. मी पलंगाशेजारी स्टूल उघडून ठेवलं. आत्याने आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिने बोलावलं तुम्हाला? ही बोलली?"

"बोलली."

"मग मी खरंच आजारी आहे."

काय काय सोडलंत, हे त्यांनी तिलाच विचारलं. "वेणी. जिना. आणि दिवा बंद करून झोपणं... अंधारात श्वास अडकेल असं वाटतं." हे मला माहीत नव्हतं. धापेसाठी औषध सुरू झालं, सिस्टर येत राहिल्या. काही दिवसांनी आत्या दिवा बंद कर म्हणाली. शेवटचे महिने ती घरीच होती, आपल्या पलंगावर.

पलंग आता देऊन टाकलाय. स्टूल तिथेच होतं, उघडंच. ते मिटावं असं कुणाला वाटलं नाही. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, काका हल्ली गच्चीत येत नाहीत, वय झालं. मला साधी नाडीही बघता येत नाही. मी वर गेले, स्टूल मिटलं आणि ते घेऊन त्यांच्याकडे गेले.