शैलाबाईंची गुलबक्षी

शैलाबाई कुणाला "जेवलात का?" असं कधी विचारत नसत. झाडाचं पान नाकासमोर धरून म्हणत, "सांगा, काय दिसतं?" गोडादऱ्याच्या चाळीत त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या आणि शाळेत विज्ञान शिकवायच्या. मला बोलायची लाज, म्हणून मीच त्यांना जास्त सापडायचे.

त्यांच्या कुंडीतल्या गुलबक्षीची एक फांदी हिरवी, एक पांढरी, एक ठिपक्यांची. "पानात हिरवे कण असतात," त्या सांगत. "त्यांचा डीएनए वेगळाच. हिच्यात तो फक्त आईकडून उतरतो, पराग कुठल्याही फांदीचा टाका. आणि बदलतो किती सावकाश! लाखो वर्षांत थोडासा. त्यावरून तर कोणतं झाड कुणाच्या नात्यातलं ते शोधतात." मी मान हलवायचे. स्टोव्हवर वरण उतू जायचं.

एकदा हाच धडा त्यांनी ओट्यावर सगळ्या बायकांना दिला. "पांढऱ्या फांदीचं बी पेरलं की रोप पांढरंच. बापाचा काही संबंध नाही, सगळं आईचं!"

माझ्या सासूबाई तिथंच लसूण सोलत होत्या. माझ्या सात वर्षांच्या सुमीच्या गळ्यावर तेव्हा नुकतंच कोड उठलं होतं. सासूबाई तडक घरात आल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, दोष हिच्याच अंगातला, दोघींना गावी पोचवून ये. त्या दिवसापासून सुमीचं ताटही वेगळं झालं.

मला शैलाबाईंचा असा राग आला! पण तोंड उघडेना. शेवटी सुमीनंच त्यांना सांगितलं.

त्या आल्या त्या कुंडी घेऊनच. सासूबाई त्यांचाच पांढऱ्या फांदीचा धडा त्यांना ऐकवत कडाडल्या, "मास्तरीणबाई, तूच सांगं ना, धवळं मायकडतून येस!"

"अहो आजी, ते गुलबक्षीचं! माणसाच्या अंगात हिरवे कण असतात का? दाखवा बरं!"

सासूबाईंनी खरंच हात उलटासुलटा करून पाहिला.

"कोड असं आईकडून उतरत नाही. शिवल्यानं लागत नाही. पोरीला डॉक्टरकडे न्या. मी अर्धवट सांगितलं, चूक माझी. आता पूर्ण सांगते."

आणि सांगितलं की! रोज शाळा सुटली की हजर. सासूबाई झोपेचं सोंग घ्यायच्या, तर या उशाशी बसून बोलायच्या. नवरा जेवणासाठी ताटकळायचा. मला वाटायचं, बाई, तुम्ही तरी जा, नाहीतर मीच गावी जाते.

एका संध्याकाळी बाहेर त्यांच्या चपला वाजल्या. सासूबाईंनी घाईघाईनं सुमीला ओढून आपल्याच ताटावर बसवलं. "जेव व माय. ती मास्तरीण उनी, आते परत सुरू व्हई!"

शैलाबाईंनी दारातून दोघींना एका ताटात जेवताना पाहिलं. मला वाटलं, आता तरी परत जातील.

त्या आत आल्या, ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "हं आजी, काल कुठं थांबलो होतो?"