अक्षरशत्रू

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला स्वतःच्या आयुष्यावर निबंध लिहायला सांगितला होता. निवडक निबंध सभागृहात वाचायचे आणि पालकांनाही बोलवायचं, असा बेत होता. माझा निबंध निवडला गेला. आई कासार आंबोलीहून बसने आली, ठेवणीतली हिरवी साडी नेसून.

निबंध तिच्यावरच होता. भारदस्त शब्द आला की निबंध उठून दिसतो, असं शाळेत डोक्यात बसलेलं. म्हणून मी सुरुवातच केली होती, ‘अक्षरशत्रू आईच्या पोटी जन्मलेली मी आज इथे उभी आहे.’ खरं तर आई सातवी शिकलेली. मला अक्षरं लावायला शिकवली तीही तिनेच, पिरंगुटच्या दुकानांच्या पाट्यांवरून. हे मी विसरले होते असं नाही. वाक्य चांगलं जमलं होतं, एवढंच.

टाळ्या झाल्या. मराठीच्या मॅडमनी आईला व्यासपीठावर बोलावलं. प्रमाणपत्र तिच्या हातात देऊन, एकेका अक्षराखाली बोट फिरवत त्या प्रेमाने म्हणाल्या, “ताई, हे बघा, इथे तुमच्या मुलीचं नाव लिहिलंय.”

मला वाटलं, आता ही म्हणणार, वाचता येतं मला.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमच्या बोटाकडे बघत म्हणाली, “व्हय का? बरं झालं तुमी सांगितलं.”

बसथांब्यावर तिने विचारलं, “अक्षरशत्रू म्हंजे काय गं?”

“निबंधातला शब्द आहे गं. तसं काही मनात नव्हतं.”

“मी कवा भांडले अक्षरांशी?”

“मग मॅडमना तिथंच सांगायचंस ना!”

“आन् तू खोटी पडली असतीस, येवढ्या लोकांत.”

बस आली. “वाच बाई पाटी,” ती म्हणाली, “आमाला कुटलं कळतंय.” शेजारची बाई हसली, आईही हसली. मी “पौड” म्हणाले.

एरवी परतीच्या वाटेवर भूगावपासून आई बिल्डरांचे फलक मोठ्याने वाचते आणि त्यांना उत्तरंही देते. ‘निसर्गाच्या कुशीत घर’ दिसलं की म्हणते, “कूस ठिवली का तुमी?” त्या दिवशी तिने घरापर्यंत एकही फलक वाचला नाही, पदराचा काठ चाळवत राहिली.

आज मी पदवीधर आहे, आमच्या घरातली पहिली. तिच्यामुळेच. तो निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला होता. घरी कुणी पाहुणं आलं की आई अजूनही अंक काढते आणि वाचून दाखवते. पहिलं वाक्य ती ‘आईच्या पोटी जन्मलेली मी’ इथूनच सुरू करते, जराही न अडखळता. मी आत चहा टाकलेला असतो. दर वेळी वाटतं, आज तरी तिने तो शब्द वाचावा, माझ्या देखत, सगळ्यांसमोर.

ती वाचत नाही.