पुरात भिजलेला ईसीएम

रसिका तांबे पूर्णगडहून रत्नागिरीला डायलिसिसचे पेशंट नेते. आधी ती गणपतीपुळ्याची भाडी मारायची, आणि कमाईही बरी होती. पण तिच्या वडिलांच्या, जानू तांब्यांच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डायलिसिस करून एसटीने उभ्याने परत येणारी माणसं तिने रोज पाहिली. कुणी दांड्याला डोकं टेकून उभं, कुणी खालीच बसलेलं. वडील गेल्यावर तिने पर्यटक सोडले आणि व्हॅनच्या मधल्या सीटवर गादी घालून पेशंटची ने-आण सुरू केली. घरच्यांनी वेड्यात काढलं. तिने मनावर घेतलं नाही.

तिचे सगळ्यात जुने पेशंट म्हणजे आत्मारामतात्या. जन्मभर बोटीवर खलाशी होते. आता अंगात काही राहिलेलं नाही, पण रसिकाशेजारी पुढेच बसायचं आणि समोरच्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला नावं ठेवायची, हा त्यांचा हक्क.

व्हॅन कुरकुरायला लागली ती उन्हाळ्यात. चालता चालता इंजिन बंद पडायचं, मीटरचे काटे खाली यायचे, थोडं थांबलं की पुन्हा सुरू. रसिकाने पेट्रोलचा फिल्टर बदलला, एक सेन्सर बदलून पाहिला. फरक नाही. स्टँडवरचा सदू जुना ड्रायव्हर. त्याने तिला नितेशशेटचं गॅरेज सुचवलं. माणूस खात्रीचा आहे, माझी गाडी त्यानेच केली, असं म्हणाला.

नितेशने स्कॅनर लावला, वायरिंग तपासलं आणि ईसीएम गेल्याचं सांगितलं. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं ठरवणारा तो डबा. तो गेला की इंजिन धडधाकट असूनही गाडी मेलेली. त्याचं निदान बरोबर होतं, हे रसिका आजही मान्य करते. कंपनीकडून मागवला तर बरेच दिवस लागतील, माझ्याकडे नवा कोरा आलाय, असं तो म्हणाला. खोकाही दाखवला. पेशंट खोळंबले होते. रसिका हो म्हणाली. नितेशने डबा बसवला, चावी त्याच्याशी जुळवून दिली आणि व्हॅन पहिल्यासारखी पळायला लागली. त्या आनंदात तिने स्टँडवर सदूला पेढे दिले.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. दुपारी डायलिसिस करून तात्यांना घेऊन ती निघाली. भाट्याच्या पुलावर मधोमध इंजिन बंद पडलं. कुठलाही इशारा नाही, दिवा नाही. मागून जांभ्या दगडाचा ट्रक येत होता. त्याने करकचून ब्रेक मारला आणि तो व्हॅनच्या मागे अगदी वीतभरावर थांबला. रसिकानेही दचकून ब्रेक दाबला होता. त्या हिसक्याने तात्या पुढे गेले आणि त्यांचा सुया टोचलेला हात डॅशबोर्डवर आदळला. पट्टीखालून रक्त यायला लागलं. डायलिसिसच्या हाताचं रक्त साधं येत नाही, उसळतं. तिच्या ओढणीवर, सीटवर, गिअरवर रक्तच रक्त. तिने दोन्ही अंगठ्यांनी जखम दाबून धरली. मागे हॉर्नचा कल्लोळ. एकजण खिडकीपाशी आला, आत पाहिलं, मोबाईल काढला आणि शूटिंग करायला लागला.

“तात्या, माझ्याकडे बघा,” ती म्हणत राहिली. तात्यांना उलटी झाली. तीही तिच्याच अंगावर.

शेवटी ट्रकवाल्यानेच खाली उतरून रिक्षा थांबवली. डायलिसिस सेंटरवर परत नेल्यावर रक्त थांबलं. तात्या वाचले. रसिका नळाखाली हात धूत होती आणि तिला स्वतःचाच वास सहन होत नव्हता.

गाडी तिने ओढून नितेशकडे नेली नाही, मिरजोळ्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने डबा काढला. सॉकेट सोडवल्यावर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या. झाकण उघडलं तेव्हा आत गाळ होता. करड्या रंगाचा, वाळून पापुद्रे सुटलेला, कोपऱ्यात अजून ओलसर. त्याला गटारासारखा वास येत होता. इलेक्ट्रिशियनने मान फिरवली. चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्या भंगारात गेल्या, त्यातल्या एखाद्या गाडीचा असेल, असं तो म्हणाला. बाहेरून पुसायचा, नवा स्टिकर लावायचा, खोक्यात घालायचा. कोरडा असेपर्यंत चालतो. पावसाळी हवेत पुन्हा ओल धरली की मरतो.

रसिकाने तो डबा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि नितेशच्या गॅरेजमध्ये गेली.

नितेश जेवत होता. तिने पिशवी त्याच्या टेबलावर उघडली. गाळाचे पापुद्रे सांडले, एक दोन त्याच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर पडले. त्याने ते बोटाने झटकले, तेच बोट आमटीत घातलं आणि जेवत राहिला.

त्याने नाकारलं नाही. हेच तिला सगळ्यात घाण वाटलं. तो खोटं बोलला असता, चिडला असता, तर भांडता आलं असतं. तो हसला. पुराचा माल सगळेच वापरतात, तुम्हाला लागला तो जरा खराब निघाला, दुसरा देतो, असं म्हणाला. मागच्या फळीवर तसे डबे रांगेने मांडलेले होते, स्वच्छ पुसलेले, नव्या स्टिकरचे.

रसिकाने त्याला पुलावर काय झालं ते सांगितलं. रक्ताचं सांगितलं. आपण पेशंट नेतो हे त्याला माहीत होतं, मग हा डबा लावताना हात कसा धजावला, असं विचारलं.

“ताई, टुरिस्टची गाडी असती तर मी नवाच टाकला असता,” नितेश म्हणाला. “ते लोक बोंबलतात. पेशंटचं काय, गाडी थांबली तर थांबतात जरा. त्यांना कुठे जायची घाई आहे?”

तिने सांडलेल्या पापुद्र्यांसकट डबा पिशवीत भरला आणि बाहेर पडली.

स्टँडवर सदू होता. तिने पिशवी त्याच्यासमोर धरली. त्याने वास घेतला आणि ओळखल्यासारखं तोंड वाकडं केलं. तेवढ्यावरून तिला कळलं.

“तुला माहीत होतं?”

सदू आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की त्याच्या गाडीतही असाच निघाला होता. नितेशने गिऱ्हाईक आणून द्यायला सांगितलं, त्या बदल्यात सर्व्हिसिंग फुकट. तुझ्या नशिबात चांगला येईल असं वाटलं होतं.

“आणि तुझी ती गाडी कुठाय?”

“विकली की. मंडणगडला.”

“कोणाला?”

“आहे एक बाई. शाळेची पोरं नेते.” आणि हे सांगताना तो चहात बिस्कीट बुडवत होता.

रसिकाने या माणसाच्या बायकोच्या बाळंतपणात अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली होती. त्याच्या हातचा चहा किती वेळा घेतला होता. तिने त्याच्याकडून त्या बाईचा नंबर मागितला. त्याने आढेवेढे घेतले. नंबर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं सांगून ती त्याच्या नव्या व्हॅनच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. बाकीचे ड्रायव्हर जमले. त्यातला एकही सदूला काही बोलला नाही. उलट रसिकालाच समजावत होते, की जाऊ दे, आपल्यातलाच आहे, उगाच धंद्यात वाईटपणा नको. त्यांतल्या दोघातिघांच्या नजरा बघून, यांच्याही गाड्यांत काय काय असेल, असं तिच्या मनात आलं. अखेर वैतागून सदूने नंबर दिला.

मंडणगडच्या त्या बाईचं नाव अक्षया. रसिकाने स्वतःची ओळख सांगितली आणि गाडी मधेच बंद पडते का विचारलं. अक्षया म्हणाली की पडते, घाटात दोनदा पडली. पेट्रोलमध्ये पाणी असेल असं मेकॅनिक म्हणाला होता.

“मुलं होती?” रसिकाने विचारलं.

“भरलेली होती.”

रसिकाने तिला गाडी आजच उभी करायला सांगितलं. अक्षयाने ती उभी केली, डबा उघडून घेतला आणि फोटो पाठवला. तोच करडा गाळ.

पूर्णगडला तात्यांनी आधी रसिकाला गप्प बसवायचा प्रयत्न केला होता. पडवीत खाटेवर पडून, काळानिळा पडलेला हात उशीवर ठेवून म्हणाले, “बाय, सोड. मी काय मेलो नाय. असल्या माणसांच्या नादी लागून आपणच घाण होतो.” मंडणगडच्या पोरांचं तिने सांगितलं तेव्हा मात्र ते उठून बसले. तक्रार कुठे करायची असते, असं विचारलं.

रसिकाने आणि अक्षयाने मिळून ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. तात्यांनी पुलावरच्या प्रसंगाचं शपथपत्र दिलं. सही करताना हात कापत होता, म्हणून कारकुनाने अंगठा चालेल म्हटलं. तात्या चिडले, पण सहीच केली. डबे दोन्ही जमा झाले. तारखा पडतात. नितेशचा वकील म्हणतो की माल गिऱ्हाइकाने पाहून घेतला. गॅरेज चालूच आहे, आत गाड्यांची रांग असते. ती फळी मात्र आता रिकामी आहे, असं ऐकू येतं. माल आतल्या खोलीत हलवला असेल, असं रसिकाला वाटतं.

कंपनीकडून नवा ईसीएम येईपर्यंत ती तात्यांना घेऊन एसटीने जायची. स्वतः उभी राहायची आणि त्यांना खिडकी मिळवून द्यायची. आता व्हॅन सुरळीत आहे. सीटवरची गादी तिने जाळून टाकली आणि दुसरी घातली. स्टँडवर गाडी लावते, पण टपरीच्या पलीकडे, एकटीच. सदू परवा चहाचा ग्लास घेऊन आला होता. झालं गेलं विसरून जा म्हणाला. तिने काच वर केली आणि तात्यांना आणायला सेंटरकडे निघाली.