अडतीस टॅब आणि दोन दिवस

आमच्या ऑफिसातल्या वैद्यबुवांनी आयुष्यात एकाही माणसाची नाडी पाहिलेली नाही. त्यांचा रोगी एकच, आणि तो अकरा टेबलांवर अकरा वेळा बसलेला: आम्ही सगळे ज्यात टाइप करतो तो टेक्स्ट एडिटर. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी बनवलेला, टिचकी मारली की उघडणारा. अंगकाठी किरकोळ, पण रुसवे भारी.

बसस्टॉपवर दिव्यांच्या अक्षरांत ‘पुढची बस सहा मिनिटांत’ असं सांगणाऱ्या पाट्या असतात ना, त्यांना ते बोलायला शिकवणारं आमचं ऑफिस. टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला, त्यामुळे आमच्या साऱ्या बुद्धिमत्तेला रबराचा वास. बस सहा मिनिटांत आली नाही की लोक ज्यांचा उद्धार करतात, ते आम्ही.

कोणाच्या फाइलमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले की हाक जायची, “वैद्यबुवा, धावा, माझ्या फाइलला कांजिण्या झाल्या!” बुवा धावत नसत. ते खुर्चीवर बसल्या बसल्या चाकांवरून यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं ओळखायची पद्धत, बदलायचे आणि अक्षरं जागच्या जागी. कोणाची ओळ उजवीकडे पळत सुटायची, तिला ते वळवून परत आणायचे. कोणाची फाइल सेव्हच होत नसे. “अहो, हिला हात लावू नका अशी पाटी तुम्हीच लावलीय आणि वर हिच्यावर रागावताय!” असं म्हणून ते एक खूण काढायचे, की झालं. या अनुभवाचं त्यांनी पानभर उपचारपत्रक करून पाणी प्यायच्या जागेशेजारी चिकटवलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य जाड अक्षरांत होतं: ‘काहीही पुसू नये. आधी नाव बदलून बाजूला ठेवावे.’

पुढची हकिकत लिही असं बुवाच मला म्हणाले. “आणि गाळू नकोस काही,” असंही म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडे न बघता टेबलावरचे कागद नीट करत बसले. ते आधीच नीट होते.

तर आमच्या मावशी. वय पंचावन्नच्या पुढे, ऑफिसात एकट्या अशा की ज्यांना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही आणि ज्यांच्यावाचून प्रोग्रामचं पान हलत नाही. बसचं छापील वेळापत्रक एक आणि खरी बस दुसरीच, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या एकेका ड्रायव्हरला फोन लावायच्या, ख्यालीखुशाली विचारायच्या आणि बस नेमकी कुठे अडते ते काढून घ्यायच्या. सात नंबरला सकाळच्या दुसऱ्या फेरीत पुलावर दूधगाडी आडवी येते, चार मिनिटं जास्त. अकरा नंबरच्या शेवटच्या स्टॉपवरच्या संडासाला कायम कुलूप, म्हणून ड्रायव्हर आधीच्या स्टॉपवर उतरतो, तीन मिनिटं. दवाखान्याच्या स्टॉपवर म्हातारी माणसं सावकाश चढतात, दोन मिनिटं, आणि गुडघेदुखीच्या डॉक्टरांचा दिवस असेल तर पाच. दोन वर्षांत असे दोनशे चौदा अपवाद त्यांनी गोळा केले होते. एका बसचा एक टॅब, असे अडतीस टॅब. एकालाही नाव नाही. ‘नवीन १’पासून ‘नवीन ३८’पर्यंत नुसते आकडे. “बावीस म्हणजे स्टेशनची बस,” मावशी डोळे मिटून सांगायच्या.

आणि यातला एकही टॅब कधी सेव्ह केलेला नव्हता.

याला कारण बुवा. मावशी नोकरीला लागल्या तेव्हा सेव्ह म्हटलं की संगणक ‘कुठे?’ असं विचारायचा आणि मावशी घाबरायच्या. तेव्हा बुवाच म्हणाले होते, “सेव्ह कशाला करताय मावशी? हा एडिटर सगळं लक्षात ठेवतो. बंद करा, उद्या उघडा, जिथल्या तिथे.” ते खरंही होतं. एडिटर सेव्ह न केलेलं लिखाण आपल्या सेटिंगच्या फोल्डरात, एका कोपऱ्यात गुपचूप जपून ठेवायचा. दोन वर्षं त्यानं इमानेइतबारे ठेवलं.

त्या सोमवारी मावशींचा एडिटर उघडायला अर्धा कप चहा संपेल इतका वेळ घेऊ लागला. आठवडाही साधा नव्हता. साहेबांनी मावशींना सांगून ठेवलं होतं, “गुरुवारी बस कंपनीची माणसं येतायत. तुम्ही नेमकं काय करता ते त्यांना दाखवा. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर पुढच्या करारात तुमची जागा ठेवणं मला जमायचं नाही.” म्हणजे त्या अडतीस टॅबवर मावशींची नोकरी बसलेली होती.

मावशी कोपऱ्यात फोनवर एका ड्रायव्हरच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होत्या, तेवढ्यात बुवा खुर्चीवरून त्यांच्या टेबलापाशी आले. नेमके त्याच वेळी साहेब कोणा पाहुण्याला घेऊन आत शिरले. “हे आमचे वैद्यबुवा,” साहेब म्हणाले. “कसलाही आजार असो, एका मिनिटात बरा. बघाच.” आणि चक्क घड्याळ वर धरलं.

आता, हा आजार मिनिटाचा नव्हता. कुठला तरी प्लगइन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, अडकत होता, तो एकेक करून शोधायला वीस मिनिटं लागली असती, आणि बुवांना ते कळत होतं. पण पाहुणा बघत होता. झटपट उपाय एकच: सेटिंगचं अख्खं फोल्डर उडवायचं, एडिटर नव्यानं सगळं मांडतो. नाव बदलून बाजूला ठेवायला दहा सेकंद लागतात. बुवांनी ती दहा सेकंद वाचवली. शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा काही राहत नाही.

एडिटर टचकन उघडला. “बेचाळीस सेकंद!” साहेब म्हणाले. पाहुण्यानं टाळी वाजवली. मीही वाजवली, हे इथे नोंदवून ठेवतो.

मावशी फोन ठेवून आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. कोरं पान होतं, वर एकच टॅब. ‘नवीन १’.

“बुवा, माझे टॅब?”

बुवा मला नंतर म्हणाले, त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. आणि तरी तोंडातून जे निघालं ते असं:

“तुम्ही सेव्ह केलं होतं ना?”

“सेव्ह? नाही... ते तर आपोआप असतात ना?”

“हं. असतात, पण सेव्ह केलेलं नसेल तर जातं कधीकधी.”

जातं कधीकधी! जणू केस जातात तसं. हे वाक्य उच्चारून बुवा खुर्चीवरून मागच्या मागे आपल्या टेबलाकडे गेले.

त्या संध्याकाळी घरी त्यांच्या ताटातलं अन्न तसंच राहिलं. बायको बघत होती. “आज कोणाचा एडिटर वारला?” तिनं विचारलं. एरवी या विनोदावर ते तिच्याआधी हसत. मग मुलगी लॅपटॉप घेऊन आली. “बाबा, माझी फाइल उघडतच नाहीये, बघा ना.”

“मला नाही येत,” बुवा म्हणाले.

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. तिनं मुलीला आत पिटाळलं आणि पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं.

“त्या बाईंना सांगितलंत?”

“कसं सांगू?”

“तोंडानं. एरवी बंद नसतं ते.”

“आधी परत मिळतंय का बघतो. मिळालं तर सांगायची गरजच नाही.”

“म्हणजे नाही मिळालं तरी सांगणार नाही,” बायको म्हणाली आणि उठून गेली.

मंगळवारी बुवा ऑफिस उघडण्याआधीच दारात हजर. पुसलेलं परत आणणारे तीन वेगवेगळे प्रोग्राम त्यांनी मावशींच्या संगणकावर चालवले. दुपारपर्यंत हाती लागलं ते इतकंच: चौकोनांचा एक ढीग आणि मावशींची लोकरीच्या रंगांची यादी. ती मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत शाबूत होती. दिवसभरात तीनदा ते मावशींसमोर जाऊन उभे राहिले. एकदा म्हणाले, “पंखा वाढवू का?” एकदा म्हणाले, “चहा झाला?” तिसऱ्या वेळी नुसतेच उभे राहिले, तेव्हा मावशीच म्हणाल्या:

“बुवा, तुम्ही सकाळपासून माझ्यासाठी राबताय. मलाच लाज वाटते हो. चूक माझी. दोन वर्षं काम करून साधं सेव्ह करता येऊ नये माणसाला!”

बुवा पाणी प्यायला गेले, तर समोर त्यांचंच उपचारपत्रक, जाड अक्षरांत. ते पाणी न पिताच परतले.

बुधवारी सकाळी मावशींच्या पडद्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. मावशींच्या गोल, वळणदार अक्षरात: ‘सेव्ह कर, मूर्ख बाई.’

दुपारी साहेबांनी गुरुवारच्या तयारीसाठी सगळ्यांना बोलावलं. यादी नाही हे कळल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. “जाऊ द्या मावशी. वय झालं की होतं असं. उद्या मी त्यांना काहीतरी सांगतो.” त्या ‘काहीतरी’त मावशींची नोकरी जात होती, हे खोलीत सगळ्यांना कळलं. मावशी मान खाली घालून पदराशी खेळत होत्या.

बुवा उभे राहिले. या माणसाला मी खुर्चीवाचून पहिल्यांदाच इतका वेळ उभा पाहत होतो.

“साहेब, मावशींनी काही घालवलं नाही. मी पुसलं. सोमवारी, तुमच्या पाहुण्यासमोर. फोल्डर बाजूला ठेवायचं सोडून उडवून टाकलं, बेचाळीस सेकंदांत व्हावं म्हणून. आणि सेव्ह करू नका हेही त्यांना मीच शिकवलं होतं. आणि जातं कधीकधी म्हणालो, ते खोटं होतं. आपोआप जात नाही. कोणीतरी घालवावं लागतं.”

खाली कोणाच्या तरी टायरमध्ये हवा भरत होते, त्याचा तेवढा आवाज. बुवांचा चेहरा गळ्यापासून कपाळापर्यंत लाल झाला होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

मावशींनी मान वर केली. “म्हणजे तुम्हाला सोमवारपासून ठाऊक होतं?”

“हो.”

“मी दोन दिवस स्वतःला शिव्या घालतेय. ती चिठ्ठी तुम्ही वाचलीत?”

“हो.”

“आणि पंखा वाढवू का म्हणून विचारत होतात.”

“हो,” बुवा म्हणाले. तिसरा हो ऐकू आला नाही, नुसते ओठ हलले.

गुरुवारी बस कंपनीची दोन माणसं आली. साहेबांनी बुवांना पुढे केलं: “तुम्हीच सांगा.” बुवांनी तेच सगळं परक्या माणसांसमोर पुन्हा सांगितलं. मग मावशींनी आठवतील तेवढे अपवाद तोंडी सांगितले, एकतीस झाले. संडासाच्या कुलपाला त्यातला एक माणूस हसला. दुसरा हसला नाही, त्यानं ते लिहून घेतलं आणि म्हणाला, “तीन आठवडे देतो. पूर्ण यादी आली तर बाईंची जागा करारात राहील.”

मावशींनी साहेबांकडे एकच अट घातली. “फोन मी लावीन. टाइप बुवा करतील.”

तीन आठवडे रोज सकाळी बुवा मावशींच्या शेजारी बसायचे, चाकं नसलेल्या लाकडी स्टुलावर. मावशी एकेक अपवाद सांगायच्या आणि प्रत्येकाच्या शेवटी म्हणायच्या, “सेव्ह.” बुवा सेव्ह करायचे. पण खरी गोष्ट ही नव्हे. फोनवर प्रत्येक ड्रायव्हर हमखास विचारायचा, “मावशी, हे तर मागेच सांगितलं होतं ना? हरवलं का काय?” अशा वेळी मावशी रिसीव्हर बुवांच्या कानाला लावायच्या.

“मी पुसलं,” बुवा म्हणायचे. “माझ्या हातून गेलं. मावशींची चूक नाही.”

पहिल्या दिवशी आवाज फुटेना. एका ड्रायव्हरनं “कोण बोलतंय? जोरात बोला!” म्हणून त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं, आणि तिसऱ्यांदा ते सगळ्या ऑफिसानं ऐकलं. एकानं बिनदिक्कत शिवी हासडली. एक म्हणाला, “असू द्या हो, मी तर एकदा अख्खी बस चुकीच्या डेपोत नेली होती.” त्या शिवीपेक्षा हे ‘असू द्या’ बुवांना जास्त लागलं. मला वाटलं होतं पाच-पन्नास वेळा सांगून सवय होईल. सवय झाली नाही. शेवटच्या दिवशीही ‘मी’ म्हणण्याआधी ते एकदा अडायचेच.

वीस दिवसांत एकशे अठ्ठ्याण्णव अपवाद जमले. उरलेले सोळा कोणालाच आठवेनात. त्यातले काही ज्यांनी सांगितले होते ते दोन ड्रायव्हर नोकरी सोडून गेले होते. यादी बस कंपनीकडे पाठवली, सोळा कमी असूनही त्यांना ती पटली, आणि मावशींची जागा एका वर्षासाठी राहिली. साहेबांनी ते सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. बुवांनी नाही वाजवल्या. ते मावशींच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, “मावशी, आता तरी माफ...”

मावशींनी चष्मा पुसला. “यादीचं झालं, बुवा,” त्या म्हणाल्या. “त्या दोन दिवसांचं अजून माझ्याच्यानं होत नाहीये. झालं की सांगेन.”

“बरं,” बुवा म्हणाले. मग आपलं आपण स्टूल ओढून शेजारी बसले आणि जे सोळा राहिले होते, त्यांच्यासाठी नोकरी सोडून गेलेल्या पहिल्या ड्रायव्हरचा नवा नंबर शोधायला लागले.