लाल शाईचा रकाना

टेबलावर लाकडी पट्टी आपटून सिस्टर विचारायच्या, "साहेब, वाटंचं काय?"

अशी एखादी सिस्टर तुमच्याही पाहण्यात असेल. चारठाण्याच्या पलीकडे एका आरोग्य केंद्रात त्या नोकरीला होत्या. दर महिन्याला अहवाल घेऊन परभणीला आमच्या कार्यालयात यायच्या. मी तिथला आकडे भरणारा. मला साहेब म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

केंद्रातली सर्पदंशाची लस संपली, की रोगी मोठ्या दवाखान्यात पाठवावा लागे. वाटेत त्याचं काय झालं, हे सिस्टर जीपवाल्याला गाठून विचारत आणि छापील नोंदवहीत लाल शाईने जास्तीचा रकाना आखून लिहीत.

"सिस्टर, आमच्या फॉर्मात याला जागाच नाही हो."

"मग आखा की. पट्टी देऊ का?"

वर मूठभर भाजक्या शेंगा ठेवून जायच्या. शेंगा मी खायचो, रकाना सोडून द्यायचो.

मग वरून पत्र आलं. अनेक जिल्ह्यांचे अभ्यास एकत्र करून ठरलं होतं, की लहान केंद्रांत ही लस ठेवणं खर्चाच्या मानाने परवडत नाही; रोगी पुढे पाठवावा. तक्त्यात आमचाही जिल्हा होता. वाटेतले मृत्यू, शून्य.

सिस्टरांनी तो कागद दोनदा वाचला. "वाटंत मेलेले ह्यात कुठं हायत, साहेब?"

कुठेच नव्हते. केंद्राने लिहिलं, 'पुढे पाठवला'. वाटेत गेलेल्याला घरचे तसेच गावी परत नेत, म्हणून दवाखान्यातही नोंद नाही. ती माणसं फक्त लाल शाईत होती, आणि ती मी गाळली होती. मला स्वतःची लाज वाटली.

दुरुस्ती पाठवली. अभ्यास पूर्ण झाला आहे, असं उत्तर आलं. केंद्रातल्या फ्रिजमधला त्या लशीचा कप्पा रिकामा झाला.

कापूस वेचणीच्या दिवसांत सिस्टर आल्या. पट्टी आपटली नाही. नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली. 'मुलगी, वय नऊ. पुढे पाठवली.' शेजारी लाल शाईत, 'मी संगं होते. जिंतूरच्या अलीकडं. माझ्या मांडीवर.'

"लय हलकी होती, साहेब," एवढंच म्हणाल्या.

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. पट्टी माझ्या टेबलावरच राहिली.

फॉर्मही त्याच महिन्यापासून संगणकावर आला. त्यावर रकाना आखता येत नाही. त्या मुलीच्या नोंदीपुढे तीनच पर्याय होते: बरी झाली, केंद्रात मृत्यू, पुढे पाठवली.

मी 'पुढे पाठवली' निवडलं.