चुनेवाले मामाजी आणि आमचे दहा विजय

चुनेवाल्या मामाजींनी कधी कुणाचं अभिनंदन केलेलं मी पाहिलं नाही. कबड्डीचा सामना जिंकून आम्ही पोरी नाचत असायचो, आणि गोंदियाच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा हा वाळका शिपाई विचारायचा, "जिंकल्या, ठीक. पण कोनाले हरवलं?"

उत्तर द्यायला आम्हाला आवडायचं नाही. त्या वर्षी आम्ही दहाच्या दहा सामने जिंकले होते. पण समोर कधी नवखा संघ, कधी कशाबशा सात पोरी जमवून आलेलं कॉलेज. आमच्याच जिल्ह्यातल्या चिचगडच्या कॉलेजच्या पोरी अर्धे सामने हरल्या होत्या, पण नागपूर-चंद्रपूरच्या दांडग्या संघांशी भिडून. "त्यायचं हरणं तुमच्या जिंकण्यापेक्षा भारी आहे," मामाजी म्हणायचे. विभागीय स्पर्धेला जिल्ह्यातून एकच संघ जायचा होता. निवड समितीने कागदावरचे दहा विजय पाहिले आणि आमचं नाव लिहिलं. मी कर्णधार. सगळ्यांच्या स्टेटसवर आमचा फोटो झळकला.

मामाजींची नजर मात्र आमच्या संघातल्या सुनंदावर असायची. सालेकशाची ही बारकी, चपळ पोर चढाईला गेली की गुण घेऊनच परतायची. हंगामभर तिला कुणी धरलंच नव्हतं. एका संध्याकाळी चुन्याची बादली खाली ठेवून मामाजी आमच्या प्रशिक्षक सरांना म्हणाले, "साहेब, या पोरीले रोज चौघींनी धरून पाडा. तिले पडता येत नाही. तोल गेला का हात पुढं टाकते."

सर हसले. "मामाजी, टूर्नामेंट के पहले उसका कॉन्फिडन्स मत बिगाडो."

मग मामाजी माझ्याकडे आले. "तू कप्तान आहेस ना? मले भेव वाटून राहिलं, बाई."

"काऊन भेता मामाजी? तिला धरणारी अजून जन्मायची आहे," मी म्हणाले.

मामाजी बादली उचलून रेघा मारायला लागले. पण सुनंदा उडी मारून मध्यरेषेकडे झेपावली की ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. ते मला दिसायचं. तरी सरावात तिला धरून पाडायला मी कुणाला सांगितलं नाही.

स्पर्धेतला आमचा पहिलाच सामना. सुनंदाच्या तिसऱ्या चढाईत चौघींनी साखळी करून तिला धरलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच, नुसतं आश्चर्य होतं. मग तिने हात पुढे टाकला. हाड मोडल्याचा आवाज मला पलीकडून ऐकू आला.

दोन ऑपरेशनं झाली. तिचा डावा कोपर आजही सरळ होत नाही. मैदानात ती पुन्हा उतरली नाही. मी आता कुडव्याकडच्या एका शाळेत खेळ शिकवते. पहिला महिनाभर मुलींना फक्त पडायला शिकवते. पालक कुरकुरतात, मी ऐकत नाही.

मामाजी त्याच वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी त्यांच्यापुढे रडले. "तुमचं ऐकलं असतं तर..."

"सरायले सांगतलो, तुले सांगतलो," ते मैदानाकडे पाहत म्हणाले. "भिऊन जाईल म्हनून तिलेच नाही सांगतलो."