भेगेशेजारची काडी

अनंतकाका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझी नजर आधी छताकडे गेली. सांगायला लाज वाटते, पण गेली खरी. आता लक्ष कोण ठेवणार, ही धास्ती आधी आली, रडू नंतर...

चंदनसारच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर, मी खाली. इमारत काही जुनी नव्हती, तरी एका पावसाळ्यानंतर जिन्यातल्या तुळईला भेग दिसली. बिल्डरचा माणूस सिमेंट थापून, ‘वरवरची आहे’ म्हणून गेला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. मुलाने त्यांना नुकताच डिजिटल कॅमेरा दिला होता. अगदी जवळून फोटो काढायचा तर त्यात फुलाचं चिन्ह लावायचं. ते लावून माझ्या शेवंतीचा एक तरी फोटो काढा, म्हणून काकू मागे लागायच्या. काका भेगेचे काढायचे. दर महिन्याला स्टुलावर चढून, रुंदी कळावी म्हणून डाव्या हाताच्या चिमटीत काडेपेटीतली काडी भेगेशेजारी धरायची आणि उजव्या हाताने बटण दाबायचं. स्टूल धरायला मी. उतरल्यावर त्यांना धाप लागलेली असे. श्वास रोखल्याशिवाय फोटो स्थिर येत नाही, म्हणायचे.

एका महिन्यात फोटोत भेग चक्क बारीक आली. सोसायटीत आनंदीआनंद, कोणीतरी पेढेही आणले. काका पेढा हातात तसाच धरून फोटोकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभे.

“काडीपण बारीक झालीय गं. काडी कशी बारीक होईल?”

त्या खेपेला उजेड मोजायचं सेटिंग बदलून फक्त मधल्या ठिपक्यावर राहिलं होतं आणि ठिपका नेमका काळ्या भेगेवर. कॅमेऱ्याला वाटलं, सगळा अंधारच आहे. त्याने एवढा उजेड आत घेतला की तुळईच्या पांढऱ्या रंगाने भेगेच्या आणि काडीच्या कडाच खाऊन टाकल्या. काका हे दारोदार सांगत फिरले. लोक वैतागले, लागलेली झोप मोडलेली कोणाला आवडते? मीही चिडून म्हटलं, एक महिना तरी सुखाने झोपू द्यायचं होतं.

“त्या तुळईखालून तुझी पोरं ये-जा करतात,” एवढंच म्हणाले.

सेटिंग पूर्ववत करून काढलेल्या फोटोत भेग काडीहून रुंद निघाली. मग मात्र इंजिनिअर आले, लोखंडी टेकू लागले, तुळई दुरुस्त झाली. त्यानंतरही काका दर महिन्याला स्टुलावर चढत राहिले... हृदयाचं दुखणं बऱ्याच दिवसांचं असणार, असं डॉक्टर शेवटी म्हणाले.

भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून काकूंनी कॅमेरा माझ्याकडे दिला. काकांचा चेहरा एकाही फोटोत नव्हता. होती ती काडी धरलेली बोटं. मी ओळीने बघत गेले. सुरुवातीला नखं गुलाबी, मग फिकट. शेवटच्या काही फोटोंत निळसर, आणि बोटांची टोकं फुगलेली. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, उजेडही बरोबर मोजलेला. हेच फोटो आम्ही सगळ्यांनी घोळका करून पाहिले होते. भेग वाढली का, एवढंच पाहिलं होतं.

संध्याकाळी मी काकूंकडे जाते. शेवंती फुललीय, फोटो काढ, म्हणतात. त्या चहाचा कप पुढे करतात, तेव्हा मी आधी त्यांची नखं बघते.